कागदपत्रे नसलेल्यांना गाडीचे लायसन्स कशासाठी?

वाचनासाठी : लेवीय १९:३३-३४, लूक १०:२५-३७



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मावशी आम्हाला भेटल्या. त्यांचा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत गेला होता. शिक्षण अर्धवट राहिले, व्हिसाची मुदत संपली. पण कर्ज फिटलेले नव्हते म्हणून तो परत आला नाही. आता तो न्यू जर्सी राज्यात एका गोदामात रात्रपाळीला जातो. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "तिकडच्या सरकारनेच मला गाडीचं लायसन्स दिलंय, असं तो फोनवर सांगतो. राहायचा कागद नाही आणि लायसन्स आहे, हे कसं? पोरगा मला खोटं तर सांगत नाही ना? की कुणाकडून बनावट घेतलंय?"

प्रश्न एका आईचा होता, परंतु तो अनेकांच्या घरातला आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊन आणि नाव न सांगता हा विषय आम्ही आजच्या अभ्यासपाठासाठी घेत आहोत.

मुलगा खरे बोलतो आहे

प्रथम मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेत देशात कोणी यावे, किती काळ राहावे हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. गाडी चालवण्याचा परवाना मात्र प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देते. त्यामुळे एका राज्यात एक नियम आणि शेजारच्या राज्यात दुसरा, असे होऊ शकते.

न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी एका कायद्यावर सही केली. अर्जदाराचा व्हिसा कोणता, त्याची मुदत आहे की नाही, याचा विचार न करता त्याला साधे लायसन्स मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. १ मे २०२१ पासून तो प्रत्यक्षात आला. तेव्हा मुलाकडचे लायसन्स खरे असू शकते.

न्यू जर्सी हे असे करणारे एकमेव राज्य नाही. युटा राज्याने २००५ मध्ये अशा लोकांसाठी वेगळे कार्ड काढले. पुढे इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशी राज्ये या यादीत आली. २०२३ च्या अखेरीस अशी १९ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. होती. याउलट फ्लोरिडाने २०२३ मध्येच असा कायदा केला की, केवळ कागदपत्रे नसलेल्यांसाठी म्हणून दुसऱ्या राज्याने दिलेले लायसन्स आपल्या हद्दीत चालणार नाही. म्हणजे या प्रश्नावर त्या देशाचे एकमत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लायसन्स काय सांगते आणि काय सांगत नाही

परवाना कोणालाही हात वर केला की मिळतो, असा काहींचा समज आहे. तसे नाही. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेऊ. तेथे अर्जदाराने आपण कोण हे पासपोर्टसारख्या कागदांनी दाखवायचे, त्या राज्यात राहतो याचा पुरावा द्यायचा, अंगठ्याचा ठसा व फोटो द्यायचा. त्यानंतर दृष्टीची तपासणी, नियमांची लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा. त्या परीक्षेसाठी आणलेल्या गाडीचा विमा उतरवलेला असावा लागतो.

एवढे सारे करून मिळालेला परवाना दोनच गोष्टी सांगतो. हा माणूस कोण आहे आणि त्याला गाडी चालवता येते की नाही. तो राहण्याचा हक्क देत नाही, नोकरीचा परवाना देत नाही, मतदानाचा अधिकार देत नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने 'रिअल आयडी' नावाचा कायदा केला. केंद्र सरकारच्या कामांसाठी ओळख म्हणून चालणारे लायसन्स कसे असावे, हे त्यात ठरवून दिले आहे. ७ मे २०२५ पासून विमानतळावरील तपासणीला तो लागू झाला. व्हिसाचा विचार न करता मिळालेले साधे लायसन्स त्या कामाला चालत नाही.

कॅलिफोर्नियात काय घडले?

हा प्रश्न समजून घेण्यास कॅलिफोर्नियाचा इतिहास फार उपयोगी आहे. १९९३ पर्यंत तेथे लायसन्स घेताना कोणी व्हिसा विचारत नसे. त्या वर्षी कायदा झाला आणि कायदेशीर वास्तव्याचा पुरावा सक्तीचा झाला. अपेक्षा अशी असावी की, परवाना मिळाला नाही म्हणजे लोक गाडी चालवणार नाहीत, कदाचित देशही सोडून जातील.

तसे झाले नाही. आपल्याकडे रेल्वे आहे, एसटी आहे, शेअर रिक्षा आहे. अमेरिकेच्या पुष्कळ भागांत यातले काही नसते. शेत, हॉटेल, गोदाम, बांधकाम अशा ठिकाणी पहाटे किंवा मध्यरात्री कामाला जाणाऱ्याला गाडीशिवाय उपाय नसतो. मुलाला शाळेत सोडायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, रविवारी मिस्साला जायचे, सर्वाला गाडी. तेव्हा लोक गाडी चालवतच राहिले. मात्र परीक्षा न देता, विम्याशिवाय आणि भीत भीत. पोलिसांनी अडवले तर परवाना नाही म्हणून गाडी महिनाभर जप्त होऊ शकत असे, आणि एका साध्या चौकशीतून देशाबाहेर पाठवणी होईल, ही धास्ती वेगळीच.

२००३ च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी हा नियम बदलणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना पदावरून परत बोलावले. त्यामागे इतरही कारणे होती, पण लायसन्सचा वाद त्या प्रचारात गाजला होता. नवे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या काळात तो कायदा अमलात येण्याआधीच रद्द झाला. नंतर तब्बल दहा वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०१३ रोजी, गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी नव्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी २०१५ पासून तो लागू झाला. पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक लोकांनी परीक्षा देऊन लायसन्स घेतले.

जखमीला सोडून पळणारा

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. एवढ्या नव्या लोकांना परवाने दिल्यावर रस्त्यांवर काय परिणाम झाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी हे तपासून २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या भागांत असे परवाने जास्त दिले गेले आणि ज्या भागांत कमी, त्यांची त्यांनी तुलना केली.

एकूण अपघातांची संख्या वाढली नाही. अपघाती मृत्यूही वाढले नाहीत. हे दोन्ही आकडे घटलेही नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण उघड आहे : हे लोक आधीपासूनच रस्त्यावर होते. परंतु एक गोष्ट ठळकपणे बदलली. अपघात करून पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी कमी झाले. एकट्या २०१५ या वर्षात असे सुमारे ४,००० प्रकार टळले, असा त्यांचा हिशेब आहे.

बंधुभगिनींनो, हा आकडा केवळ वाहतूक खात्याचा नाही. येरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याजक त्याला पाहून पलीकडून गेला, लेवीही गेला. त्यांच्या मनात काय होते हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. पण त्या ओसाड वाटेवर भीतीही असेलच. थांबलो तर आपल्यावरच काही बेतेल, ही भीती माणसाला दुसऱ्याच्या रक्ताजवळून पुढे जायला लावते.

आपल्या रस्त्यांवर आपण हेच पाहिलेले आहे. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून जखमीला हात न लावणारे लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते. म्हणूनच २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन तसे कलमच आले. त्या कलमात मदत करणाऱ्याला प्रभूच्या दाखल्यातलेच नाव आहे : गुड समॅरिटन. भीती कमी केली की माणूस थांबतो, हे आपल्या कायद्यानेही मान्य केले.

कॅलिफोर्नियातही तेच दिसते. ज्याच्या खिशात परवाना आहे, तो अपघात झाल्यावर थांबून पोलिसांची वाट पाहू शकतो, आपले नाव सांगू शकतो, विम्याचा कागद दाखवू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला पळून जाणे हाच मार्ग दिसतो. आणि मागे रस्त्यावर पडलेला माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे, याला काही अर्थ राहत नाही. म्हणजे या कायद्याचा लाभ ज्याला लायसन्स मिळाले त्याला तर झालाच, पण पायी चालणाऱ्या आजीला आणि सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलालाही झाला. म्हणूनच रस्त्याचा प्रश्न आणि सीमेचा प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत, असे आम्हाला वाटते.

विरोध करणारे काय म्हणतात?

विरोध करणारे सर्व निर्दय आहेत असे समजणे चूक ठरेल. त्यांचे मुद्दे नीट ऐकले पाहिजेत.

पहिला मुद्दा न्यायाचा. जे वर्षानुवर्षे रांगेत थांबून कायदेशीर मार्गाने आले, त्यांना वाटते की नियम मोडणाऱ्याला बक्षीस मिळते आहे. ही भावना खरी आहे. परंतु परवान्यामुळे रांगेत कोणी पुढे जात नाही. व्हिसा मिळत नाही, नागरिकत्व मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते, विमा घ्यावा लागतो, दंड झाला तर भरावा लागतो. बक्षीस असे नसते. ही जबाबदारी आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील बहुतेक अपहरणकर्त्यांकडे अमेरिकेतील राज्यांची ओळखपत्रे होती. 'रिअल आयडी' कायद्याचा उगम तेथेच आहे. म्हणून साधे लायसन्स आणि केंद्राच्या कामाचे ओळखपत्र वेगळे ठेवले गेले. दुसरीकडे हेही खरे की, ज्याचे नाव, पत्ता, फोटो सरकारकडे आहे, तो माणूस अनोळखी राहत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात एका भारतीय चालकाने महामार्गावर ट्रक वळवताना झालेल्या अपघातात तीन जणांचा बळी गेला. बेकायदा मार्गाने देशात आलेल्या त्या चालकाकडे ट्रकचे लायसन्स होते. देशभर संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात केंद्रीय वाहतूक खात्याने परदेशी चालकांच्या ट्रक लायसन्सचे नियम कडक केले. त्याची झळ कष्टाळू पंजाबी चालकांच्या मोठ्या समाजालाही बसली. ट्रकचे लायसन्स हा आपल्या विषयापेक्षा वेगळा प्रकार आहे, त्याचे नियमही वेगळे. तरीही तीन घरांत पेटलेल्या मेणबत्त्या विसरून बोलणे आपल्याला शोभणार नाही. परवाना देताना परीक्षा काटेकोर झाली का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र कडक परीक्षेत आहे. परीक्षाच न घेता लोकांना रस्त्यावर सोडल्याने तो सुटणार नाही.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

काही जणांना वाटते की, ख्रिस्तसभा म्हणते, सीमा नकोत. तसे ती म्हणत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२४१ व्या परिच्छेदात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली आहेत. सधन देशांनी शक्य तितके परक्यांचे स्वागत करावे. सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालण्याचा हक्क शासनाला आहे. आणि आलेल्यानेही त्या देशाच्या वारशाचा मान ठेवावा, कायदे पाळावेत, आपला भार उचलावा. जानेवारी २००३ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून काढलेल्या पत्रातही सीमा सांभाळण्याचा देशाचा हक्क मान्य केला आहे. मात्र ज्याच्याकडे कागद नाहीत त्याचीही मानवी प्रतिष्ठा राखलीच पाहिजे, असे त्यांनी बजावले आहे.

या शिकवणीच्या उजेडात पाहिले तर लायसन्सचा कायदा दोन्ही कर्तव्ये एकत्र आणतो. राज्य माणसाला ओळखते, आणि माणूस राज्याचे नियम शिकून पाळतो. मार्च २०२३ मध्ये मिनेसोटा राज्यात असा कायदा झाला, तेव्हा तेथील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने त्याला पाठिंबा दिला होता, तो याच विचारातून.

इस्राएल लोकांना देवाने परक्याशी नीट वागण्याची आज्ञा दिली, तेव्हा कारणही सांगितले : तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता. आपल्याला इतके मागे जाण्याचीही गरज नाही. आखातात, बोटीवर, परदेशी हॉटेलात राबलेले बाप आणि आजोबा आपल्या घराघरांतल्या फोटोंत आहेत.

मावशींसाठी आणि आपल्या सर्वांसाठी

मावशींना आम्ही सांगितले, मुलगा खोटे बोलत नसावा. पण त्याला चार गोष्टी जरूर सांगा.

एक, लायसन्स हे चिलखत नाही. केंद्राच्या अधिकाऱ्यांपुढे ते वास्तव्याचा पुरावा ठरत नाही. २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात असे उघड झाले की, परवाना खात्याकडची माहिती केंद्राच्या स्थलांतर खात्याला दिली जात होती. नंतर ते थांबवण्यात आले. न्यूयॉर्कने अशी माहिती देण्यावर कायद्यानेच मर्यादा घातली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने त्याविरुद्ध दावा लावला. तेव्हा सावध राहावे.

दोन, मतदार नोंदणीच्या कोणत्याही कागदावर चुकूनही सही करू नये. त्याचे परिणाम फार गंभीर होतात.

तीन, दुसऱ्या राज्यात गाडी नेण्यापूर्वी तेथे आपले लायसन्स चालते का, हे पाहावे. विम्याचा हप्ता चुकवू नये. आणि काही झाले तरी अपघाताच्या जागेवरून पळू नये.

चार, पुढे काय करायचे यासाठी अधिकृत वकिलाचा सल्ला घ्यावा. 'सगळं जमवून देतो' म्हणणाऱ्याचा नाही. लायसन्समुळे आजचा दिवस सुरळीत जातो, उद्याचा प्रश्न सुटत नाही.

ज्या घरांत मुलाला पाठवण्याची तयारी चालू आहे, त्यांनाही एक शब्द. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. जमीन गहाण ठेवून एजंटाला पैसे देण्याआधी त्या विमानाची आठवण ठेवा. कायदेशीर वाट लांब असली तरी तीच धरा.

आणि शेवटी आपल्या सर्वांसाठी. मावशी आमच्याशी हळू आवाजात बोलल्या. का? कारण गावात बोलबाला होईल, ही भीती. मुलगा तिकडे पोलिसांना घाबरतो आणि आई इकडे शेजाऱ्यांना. अमेरिकेचा कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण आपल्या धर्मग्रामात कोणाही आईला आपल्या मुलाची हकिगत दबक्या आवाजात सांगावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. ती वाटेवर थांबली तर पलीकडून जाऊ नका.

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. गाडी चालवण्याचा परवाना आणि देशात राहण्याचा परवाना हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तुम्हाला पटते का? का?

२. अपघात पाहून तुम्ही कधी भीतीपोटी पुढे निघून गेलात का? ती भीती कशाची होती?

३. कायदा पाळणे आणि माणसाला सांभाळणे यांत ताण येतो, तेव्हा ख्रिस्ती माणसाने काय करावे?

४. आपल्या विभागात परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडिलांची आपण विचारपूस कशी करतो? चौकशी म्हणून की आधार म्हणून?

प्रार्थना : हे प्रभू, रात्रीच्या वेळी परक्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या आमच्या मुलांना सांभाळ. त्यांच्या हातून कोणाला इजा होऊ देऊ नको. रस्त्यावर जखमी झालेल्यांजवळ कोणीतरी थांबू दे. आणि त्यांची वाट पाहणाऱ्या आईबापांना धीर दे. आमेन.